एकोणीस फडकी

परवा धाकटीचा फोन आला. अपेंडिक्स काढून तिला दहा दिवस झाले होते आणि पाचवा महिना चालू आहे, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. तिने विचारलं, आजी, एकदा पोट उघडल्यावर आतलं बाळ नीट राहतं का गं? मी म्हटलं, राहतं. ती म्हणाली, तू इतक्या खात्रीने कशी सांगतेस? मी विषय बदलला. खात्रीचं कारण एक घोडी आहे, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते लिहून आणि क्रमाने सांगायला हवं, कारण यातली एक गोष्ट मी तुमच्या आजोबांना फार उशिरा सांगितली आणि तुमच्या आईला अजून सांगितलेलीच नाही.

लढाई संपून दोन-तीन महिने झाले होते. तुमचे आजोबा तेव्हा कडेगावला गुरांचे डॉक्टर होते. कडेगाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होतं आणि माझं माहेर सांगली हे वेगळं संस्थान होतं. दवाखाना म्हणजे पुढे दोन खोल्या, मधे फरसबंद अंगण, मागे आजारी जनावरांसाठी एक छपरी आणि तिला लागून आमचं बिऱ्हाड. लग्नाला वर्ष झालं होतं. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजी चांगलं होतं, आणि आजोबांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे. म्हणून दवाखान्याची नोंदवही मी लिहू लागले. हळूहळू बाटल्यांच्या चिठ्ठ्या, पट्ट्यांच्या गुंडाळ्या, उकळायची हत्यारं, सगळं माझ्याकडे आलं. माझी मोजदाद चुकत नसे. आजोबा पाहुण्यांना सांगत की आमच्याकडे तुरीची डाळसुद्धा दाणे मोजून शिजते.

त्यांच्या कपाटात घोड्याच्या शरीराचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात घोडीचं एक मोठं चित्र होतं, कागदाच्या झडपांचं. कातडीची झडप उचलली की स्नायू, स्नायू उचलले की आतडी, आतडी बाजूला केली की गर्भाशय, आणि ते उघडलं की पाय दुमडून बसलेलं शिंगरू. दुपारी काम नसलं की मी त्या झडपा उघडत-मिटत बसे. शेवटच्या झडपेखालचं ते शिंगरू डोळे मिटलेलं होतं, आणि दर वेळी ती झडप उचलताना ते उघडे असतील असं मला उगीच वाटायचं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एके सकाळी अंगणात एक घोडी आली. तिच्या पोटाला लुगडं गुंडाळलेलं होतं.

पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातले धनगर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात. वाटेत शेतकरी त्यांचे कळप खतासाठी रानात बसवून घेतात. बायका-पोरं, कोंबड्या, भांडी, घोंगड्या, सगळा संसार घोडीच्या पाठीवर असतो. अशाच एका तळाची ती घोडी. उसाच्या बांधावर एका खोंडाने तिच्या डाव्या कुशीत शिंग घातलं होतं आणि आतड्याचं वेटोळं बाहेर आलं होतं. तळावरच्या म्हाताऱ्या बाईने ते ओल्या फडक्याने आत दाबून स्वतःचं लुगडं घोडीला गुंडाळलं आणि तीन मैल चालवत आणलं. घोडी मान खाली घालून एकेक पाऊल मोजून टाकावं तशी येत होती. त्या बाईच्या अंगावर फक्त घोंगडी होती. मी तिला माझं एक लुगडं दिलं. ती म्हणाली, "माजं हाय की. घोडीच्या अंगावर हाय."

मी तिला मावशी म्हणू लागले. दवाखान्यात येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या बायकांना मी मावशीच म्हणत असे.

घोडी गाभण होती, पाच महिन्यांपेक्षा थोडी जास्त. घोडीला अकरा महिने लागतात. मावशीने आजोबांना तिथेच अंगणात सांगितलं की घोडी म्हातारी आहे, हे तिचं शेवटचंच शिंगरू. त्यांच्या घरात रीत अशी की आईच्या घोडीची मादी लेकीला जायची आणि लेक ती घेऊन आपल्या नवऱ्याचा वेगळा तळ टाकायची. मावशीच्या आईला तशी मिळाली होती, मावशीलाही मिळाली. या घोडीला मागचे दोन्ही नर झाले होते. लेकीचं लग्न होऊन चार वर्षं झाली तरी ती अजून दिराच्या तळावर होती आणि लोकांच्या घोडीमागे डोक्यावर भांडी घेऊन चालत होती.

"घोडी गेली तर जाऊ दे," मावशी म्हणाली. "प्वाटातलं तेवडं राखा."

आजोबांनी उत्तर दिलं की एकीला सोडून दुसरं राखता येत नाही.

तळावरच्या तिघांनी दोर लावून घोडीला पेंढ्यावर डावी कूस वर करून पाडली. तोबऱ्यात स्पंज घालून आजोबांनी क्लोरोफॉर्म दिला. कापडावर तेव्हा कंट्रोल होतं, धड लंगोटाचं कापड मिळायची मारामार. म्हणून मी माझ्या एका विटक्या पातळाची सारखी फडकी फाडून ठेवली होती. प्रत्येकाच्या कडेला तांबड्या दोऱ्याची एक टीप घातली होती, म्हणजे घरातल्या फडक्यांत मिसळू नयेत. ती उकळून, एनॅमलच्या ताटात मांडून घेतली. वीस. आजोबांचा नियम होता: आत किती गेली आणि बाहेर किती आली, ते पोटाचे शेवटचे टाके घालण्याआधी मोठ्याने, इंग्रजीत सांगायचं. मोजायची मी. वापरलेलं फडकं ते न बघता मागे घमेल्यात टाकत. घमेल्याजवळ मावशी बसली होती. घोडीच्या डोळ्यांवर हात ठेवून बसते म्हणाली, म्हणून आजोबांनी तिला बसू दिलं.

जखम मोठी करावी लागली. आतडं एका ठिकाणी फाटलं होतं, ते शिवायला त्यांना आत वाट हवी होती आणि गर्भाशय मधे येत होतं. ते मला म्हणाले, टॉवेल गुंडाळ हाताला, हे मागे धर, दाबू नकोस.

मी दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले. त्या वेळी माझा स्वतःचा तिसरा महिना लागत होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं, आजोबांनाही नाही. पाळी दोनदा चुकली होती एवढंच, खात्री झाल्यावर सांगू असं मी ठरवलं होतं. हाताखालचं ते ऊन, जड, ओलं गाठोडं मी धरून राहिले. आणि त्यात काहीतरी वळलं. गोधडीखाली झोपलेलं माणूस कूस बदलतं तसं, सावकाश, माझ्या तळव्यावरून पलीकडे.

मी वर पाहिलं तर मावशी घोडीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे नव्हे.

"तू हात लावायचा नव्हतास," ती हळूच म्हणाली. मला वाटलं, बाईमाणसाने असलं काम करू नये असं तिला म्हणायचं आहे.

शिवण संपत आली तेव्हा घोडीचा श्वास अडखळू लागला. आजोबांनी तोबरा काढायला लावला आणि ओरडून विचारलं, "किती?"

मी घमेल्यातली मोजली होती. एकोणीस होती. पुन्हा मोजली. एकोणीस. घोडीच्या नाकपुड्या निळसर झाल्या होत्या. पुन्हा उघडायचं म्हटलं तर ती तिथेच संपली असती, हे मलाही दिसत होतं. पण खरं सांगते, मी तेवढा विचार केला नाही. माझ्या मनात इतकंच आलं की मी चुकत नाही, तेव्हा ताटात मुळात एकोणीसच मांडली गेली असणार.

मी म्हटलं, "वीस."

त्यांनी शेवटचे टाके घातले, वरून सल्फाची पांढरी भुकटी टाकली. अर्ध्या तासाने घोडी मान उचलून बसली. नोंदवहीत मी माझ्या सुवाच्य अक्षरात इंग्रजीत लिहिलं: फडकी आत वीस, बाहेर वीस. मग घमेलं विहिरीवर नेऊन एकेक फडकं धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. एकोणीस. पातळाचे उरलेले काठ काढून ठेवले होते ते जोडून बघितले. त्या पातळातून वीसच फाडली होती.

मेंढरं थांबू शकत नव्हती. तिसऱ्या दिवशी तळ उठला, सामानासाठी दुसऱ्या तळाची एक घोडी त्यांनी मागून घेतली, आणि मावशी एकटी मागे राहिली. ती छपरीतच घोडीजवळ निजे. भाकरी आमच्याकडे खाई, आणि फुकट खायची नाही म्हणून अंगण झाडून काढी.

आजोबांनी तिला जे सांगितलं ते मी ऐकलं होतं. आठ दिवस ताप चढला नाही तर घोडी जगेल. शिंगराचं मात्र सांगता येत नाही. पोटाला एवढा धक्का बसल्यावर काही घोड्या पंधरा दिवसांत गाभडतात, काही महिन्याने, काहीच झालं नाही असं वाटत असताना. आणि काही दिवस भरून धड व्यातात. आईला ताप किती आला, ती गुंगीत किती वेळ होती, आतमध्ये पू होतो की नाही, यावर ते असतं. आत काही राहिलं तर पू होतो, हे त्यांनी मावशीला सांगितलं नाही. ते मला माहीत होतं.

ताप चढला नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. जखमेवर पांढरे केस उगवू लागले. पण एक विचित्र गोष्ट सुरू झाली. रोज दिवेलागणीला मी कंदील पुसून छपरीत टांगायला जाई, तेव्हा घोडी मान वळवून आपल्या डाव्या कुशीकडे बघत उभी असे. गवत खात नसे, शेपूट हलत नसे. मी कंदील टांगला की मान तशीच वळलेली ठेवून ती डोळे माझ्याकडे फिरवी. पुस्तकात लिहिलं होतं की पोट दुखलं की घोडा कुशीकडे बघतो. आजोबांनी तपासलं, पोट मऊ होतं, लीद ठीक होती. ते म्हणाले, सवय लागली असेल. मला मात्र वाटे की ती मला दाखवते आहे.

दुपारी मी तो झडपांचा कागद उघडून बसे. माझं फडकं कुठे असेल? आतड्याच्या झडपेखाली, की त्याच्याही खाली? कधी मला ते तिथे दिसायचंच, तांबड्या टिपेसकट, शिंगराच्या तोंडाशी.

मग टाक्यांच्या खाली एक गाठ लागली, लिंबाएवढी. आजोबा म्हणाले, दोऱ्याची असेल. मी आठ दिवस नीट जेवले नाही. ती फुटली, आणि चिमट्याने त्यांनी आतून काळ्या रेशमी दोऱ्याची एक गुंतवळ ओढून काढली. ती त्यांनी माझ्यासमोर धरली. "बघ, म्हटलं नव्हतं?" मी मान हलवली आणि नोंदवहीत लिहिलं. मावशी खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "लिव्हल्यानं घोडीचं दुखणं उतरतं व्हय गं? का तुजं उतरतं?"

याच सुमारास तिने आजोबांना सांगून टाकलं. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "डाक्तर, तुमाला घोडीच्या प्वाटातलं दिसतं. घरातलं दिसत न्हाई व्हय?" आजोबा हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवून इतके हसले की मलाही हसू आलं. त्या संध्याकाळी मावशीने मला छपरीबाहेर बोलावून बजावलं. तिच्या माणसांत दोन गर्भारणी एका छपराखाली ठेवत नाहीत, मग ती बाई असो की जनावर. एकीचा जीव दुसरीकडे सरकतो. आणि मी तर हात लावला होता. पोट मोठं दिसायला लागलं की माहेरी जा, तोवर घोडीला शिवू नको, असं तिने सांगितलं.

मी शिकलेली होते. दुसऱ्याच दिवशी मी मुद्दाम छपरीत गेले आणि घोडीच्या कुशीवर तळहात ठेवला. आत हालचाल झाली. ती जाणीव स्पष्ट आठवते: काहीतरी हललं, आणि ते हाताखाली हललं की माझ्या आत, ते मला कळेना. मी हात काढला. तरी ते हलतच होतं. तुमच्या आईची पहिली हालचाल मला अशी कळली.

त्यानंतर मी एक कागद केला आणि तो नोंदवहीच्या मागे ठेवला. डावीकडे घोडी, उजवीकडे मी. घोडीची हालचाल मावशी सांगे, माझी मी लिही. माघ-फाल्गुनात हळूहळू जे दिसू लागलं ते मला दिसायला नको होतं. ज्या दिवशी माझ्याकडे दहा-बारा खुणा, त्या दिवशी घोडीकडे एक किंवा रिकामं. फाल्गुन संपता संपता घोडीची बाजू सलग नऊ दिवस रिकामी राहिली आणि माझं मूल मला बसू देत नव्हतं. आजोबांनी घोडीला तपासलं, कान लावला, हाताने चाचपलं. ते म्हणाले की शिंगरू कधी कधी आत शांत पडतं, कधी मेलेलंही असतं, आणि मेलेलं असलं तर दिवस भरेपर्यंत ते आत राहूही शकतं. मावशी उठून घोडीजवळ जाऊन बसली. त्या दिवशी तिने भाकरी घेतली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

सांगलीहून आईचं पत्र येतच होतं. सातवा लागला होता, मी गेले. कडेगावहून मोटारीने कराड, तिथून आगगाडी. निघताना छपरीत डोकावले नाही.

पाच दिवसांनी आजोबांचं कार्ड आलं. लिहिलं होतं की शिंगरू हलतंय, तू गेलीस त्याच दुपारपासून, आणि म्हातारी म्हणते तिने सांगितलंच होतं. तेव्हा माझी पदवी आता तिला द्यावी म्हणतो. ते थट्टेने लिहीत. मी कार्ड हातात घेऊन बसले होते, आणि मला जाणवलं की सकाळपासून माझ्या पोटात काही हललेलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. सुईण आली, नळी लावून ऐकलं, ठोके आहेत म्हणाली, पण दूरचे आहेत असंही म्हणाली. दूरचे. म्हणजे कुठले, असं मी मनात विचारलं. तिसऱ्या दिवशी मूल एकदा सावकाश वळलं आणि पुन्हा गप्प झालं. असा महिना गेला. आई देवीला ओटी बोलली. मी एकोणीसचा विचार करत होते. मावशी म्हणाली त्यावर माझा विश्वास होता की नाही, हे आजही सांगता येणार नाही. पण एक हिशेब मला बरोबर वाटत होता: एका आईच्या पोटात माझं काही राहिलंय आणि ते मी कबूल केलेलं नाही. मावशीच्या लेकीचं शिंगरू मेलं असतं तर ते मी मारलं असतं, आणि खोंडाच्या नावावर गेलं असतं.

वैशाखात एके सकाळी मी आईला सांगितलं, मी कडेगावला जाऊन येते. आठवा भरलेली मुलगी माहेरून परत सासरी जाते हे कुणी ऐकलं नव्हतं. ती रडली. मी धाकट्या मामांना सोबत घेऊन निघाले. गाडीत एका बाईने मला जागा दिली आणि विचारलं, कितवा? मी सांगितलं. ती माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, गप्प आहे हो अगदी.

मी पोचले तेव्हा टळटळीत दुपार होती. आजोबा फिरतीवर गेले होते. मामांना घरात बसवलं आणि छपरीत गेले. घोडी प्रचंड दिसत होती. आचळांच्या टोकांना मेणासारखे पिवळे थेंब वाळले होते, म्हणजे दिवस जवळ आले होते. तिने मान वळवली, डाव्या कुशीकडे, आणि तशीच डोळे फिरवून माझ्याकडे बघितलं. माशासुद्धा उठत नव्हत्या.

मावशी उठून मधे उभी राहिली. "का आलीस?"

मी उंबऱ्यापाशीच थांबले आणि एका दमात बोलून टाकलं. "मावशी, त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. फडकी एकोणीसच होती, मी वीस सांगितली. एक आत राहिलंय."

तिने घोडीकडे बघितलं. मग कोपऱ्यात गेली, आपलं गाठोडं सोडलं, त्यातून दुसरं गाठोडं काढलं. तेच लुगडं, घोडीच्या पोटाला बांधलेलं, न धुतलेलं, काळं पडलेलं. त्याच्या घडीत एक फडकं होतं. रक्ताने कडक झालेलं, कडेला तांबडी टीप.

"आत न्हाई राह्यलं," ती म्हणाली. "माज्यापाशी हाय."

तिच्या घरची रीत होती. गाभण जनावराच्या पोटाला जखम झाली तर रक्ताचं पहिलं फडकं धुवायचं नाही, टाकायचं नाही. ज्या कापडाने पोट बांधलं त्यातच ते बांधून ठेवायचं आणि व्याल्यावर वारेबरोबर पुरायचं. नाहीतर वाहून गेलेल्या रक्तामागे गर्भ जातो. तिने घमेल्यातलं पहिलंच फडकं उचलून घोंगडीत घातलं होतं. कुणाला सांगायचं असतं हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. आम्ही ती मोजतो आहोत हे तिला ठाऊकच नव्हतं. मी इंग्रजीत 'वीस' म्हटलेलं तिने ऐकलं होतं, पण तिला वाटलं तो आमचा काही मंत्र आहे.

मग ती फडकं हातात धरून म्हणाली, "म्हंजी ह्ये सा म्हैनं तू प्वाटात घिऊन हिंडलीस व्हय?"

मी खाली बसले. मी तिथे बसले असताना तुमची आई हलली. एकदा नव्हे, घर झाडून काढावं तशी.

घोडी दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या सुमारास व्याली. उभ्याची आडवी झाली आणि वीस मिनिटांत मोकळी. डाव्या कुशीचा वण ताणून पांढऱ्या केसांची रेघ बोटभर रुंद झाली, पण धरून राहिली. मादी होती. आजोबांनी तिचं नाक पुसलं, तिला उलटीसुलटी करून पाहिलं आणि म्हणाले, सगळं जागच्या जागी आहे. मावशीने लेकीचं नाव घेतलं, मोठ्याने, पश्चिमेकडे तोंड करून. मी शिंगराच्या डाव्या कुशीवर हात फिरवला, उगीच. काही नव्हतं. काळंभोर अंग, एक पांढरा केस नाही.

वार पडल्यावर छपरीमागे खड्डा केला. मावशीने ते फडकं पुरताना मधेच थांबून फाडलं, अर्धं खड्ड्यात टाकलं आणि अर्धं माझ्या हातात दिलं. म्हणाली, तुझं झालं की तुझ्या वारेबरोबर पूर.

आजोबांना मी त्याच दुपारी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी नोंदवही माझ्यासमोर ठेवली आणि दौत पुढे सरकवली. मी 'बाहेर वीस' खोडलं आणि लिहिलं: बाहेर एकोणीस, एक मालकिणीकडे. त्याखाली सही केली. त्या दिवसानंतर त्यांनी कितीही घाई असली तरी फडकी स्वतःही मोजली, माझ्यानंतर. मला ते लागलं, पण मी कधी बोलले नाही.

ज्येष्ठ लागता लागता तळ कोकणातून परतला आणि मावशी घोडी व शिंगरू घेऊन पूर्वेला गेली. शिंगरू आईच्या डाव्या बाजूनेच चालत होतं. जाताना घोडीने मागे वळून पाहिलं नाही. त्यांना निरोप देऊन मी सांगलीला परतले आणि त्याच आठवड्यात बाळंत झाले. सुईणीने तुमची आई माझ्या हातात दिली, आणि तिला पुसताना मला ती दिसली: डाव्या कुशीवर, बरगड्यांच्या खाली, बोटभर लांबीची पांढरी रेघ. तुम्ही सगळ्यांनी ती पाहिली आहे. लहानपणी नदीवर पोहायला गेल्यावर तुम्ही विचारलं होतंत आणि मी जन्मखूण म्हटलं होतं. ते खोटं नाही. आजोबांनी ती पाहिली, दिव्याजवळ नेऊन पाहिली, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. नोंदवहीत ते लिहिलेलं नाही. कुठल्या रकान्यात लिहायचं, हे मला सुचलं नाही.

अर्धं फडकं मी सांगलीच्या परसात पुरलं. आईला वाटलं, एवढी शिकूनही मी जुन्या रीती सोडल्या नाहीत ते बरंच.

तेव्हा धाकटे, राहतं. घोडीचं राहिलं, माझंही राहिलं. तुझ्या इस्पितळात तर सगळं अधिक चांगलं असणार. तिथेही आत किती गेली आणि बाहेर किती आली ते कागदावर लिहून ठेवतात असं मी वाचलं आहे. तो कागद मागून घे आणि दोन्ही आकडे स्वतः बघ. जुळत असतील तर निवांत झोप. आणि बाळ झालं की त्याला पुसताना डावी कूस बघ, आणि काय दिसलं ते मला कळव. आईला नको सांगूस, आधी मला.